रेहानच्या पायातला माणूस

"चव्वेचाळीस?" धैर्यशील मास्तरांनी कागद आधी हातभर लांब धरला, मग चष्मा लावून जवळ धरला. आकडा दोन्हीकडून तोच. "बाई, ह्या पोराला दहाव्या वर्षापासनं मी खेळवलाय. आणि शंभरातले चव्वेचाळीस? एवढे मार्क तर मला गणितात पडत हुते."

डॉ. ओवी खानोलकर हसल्या नाहीत. पुण्याच्या प्रयोगशाळेतून निघून त्या सकाळी सकाळी कोल्हापुरात पोचल्या होत्या आणि बुरूज तालमीच्या आखाड्याला लागून असलेल्या खोलीत बसल्या होत्या. समोर कुणीतरी पितळी पेला भरून दूध ठेवलं होतं. एवढं दूध एका माणसाने प्यायचं असतं, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

"चव्वेचाळीस खूप आहेत, मास्तर," त्या म्हणाल्या. "पंधरा टक्के मुंबईच्या अकादमीचे. आणि एकेचाळीस टक्के..."

"ते एकेचाळीस कुणाचं?"

"तेच विचारायला मी आलेय."

कागदावर त्या रकान्यात फक्त 'अनोळखी उगम' एवढंच लिहिलं होतं.

भानगड अशी होती. रेहान मुजावर हा बुरूज तालमीच्या फुटबॉल संघात घडलेला एकवीस वर्षांचा पोरगा. पहिल्या विभागातल्या मुंबईच्या एका क्लबने त्याला अठरा कोटींना विकत घेतलं होतं. नव्या नियमाप्रमाणे अशा प्रत्येक सौद्याचा पाचवा हिस्सा खालच्या विभागांना द्यावा लागे, म्हणजे इथे तीन कोटी साठ लाख. नियम यायला कारणही तसंच होतं. टीव्हीचा सगळा पैसा वरच्या विभागात. तिथल्या एका क्लबचा नुसत्या गवतावरचा खर्च तिसऱ्या विभागातल्या पाच क्लबांच्या वर्षाच्या खर्चाएवढा. खालच्यांनी पोरं घडवायची, वरच्यांनी उचलून न्यायची आणि खालच्यांनी टीव्हीवर बघून टाळ्या वाजवायच्या, असं वर्षानुवर्षं चाललेलं. पहिल्यांदा नोंदणीची वर्षं मोजून वाटणी करून बघितली. तर जरा बरा पोरगा दिसला की पाच-पाच क्लबांच्या वह्यांत त्याचं नाव निघायला लागलं. एका वहीत तर तो जन्मायच्या तीन महिने आधीच दाखल झालेला होता.

म्हणून मग उगममापक आला. सरकारी नाव उगममापक. कोल्हापुरात त्याला 'कुळी काढणारं मशीन' म्हणत.

"एकदा नीट समजावून सांगा," मास्तर म्हणाले. "माझं डोकं जाड हाय, पण एकदा आत गेलेलं बाहेर पडत न्हाई."

ओवीबाईंनी दुधाचा पेला बाजूला सरकवला. "एकच हालचाल तुम्ही हजारदा केलीत, तर मेंदूपासून पायापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंवरचं वेष्टण त्या वाटेवर जाड होत जातं. तारेवर रबर चढवावं तसं. निरोप जास्त वेगाने जातो. लहान वयात हे वेष्टण भराभर चढतं आणि मग सहसा उतरत नाही. त्यामुळे पाय काय करतो यापेक्षा कधी करतो, कुठला स्नायू कुणाच्या आधी जागा होतो, ते वेळापत्रक माणसाला जन्मभर चिकटतं. आमचे कॅमेरे सेकंदाला दोन हजार चित्रं घेतात. त्यातून ते वेळापत्रक वाचता येतं. आणि शिकवणाऱ्याचं वेळापत्रक आमच्याकडे असलं, तर कुठली हालचाल कुणाकडून आली तेही कळतं."

"म्हंजे माझ्या पायाचं रेहानच्या पायात उतरलंय."

"उतरलंय ना. त्याची धाव तुमची. पहिला स्पर्श तुमचा. डावीकडे वळताना तो खांदा पाडतो, तोसुद्धा तुमचाच." बाई जरा थांबल्या. "पण त्याला अठरा कोटी त्यासाठी नाही मिळाले."

त्यांनी टेबलावर पडदा उघडला. रेहान चेंडू घेऊन येतो, बचावपटू अंगावर येतो, आणि रेहान थांबतो. डोळ्याला ते थांबणं दिसतही नव्हतं. सेकंदाचे नऊ शतांश. तेवढ्यात बचावपटूचा पाय समोरून निघून जाई आणि मग रेहान वळे. सगळा देश त्या वळण्यावर खूष होता. मशीन मात्र म्हणत होतं की वळण्यात काही विशेष नाही, खरी गंमत त्या थांबण्यात आहे.

"हे तुम्ही शिकवलंत?"

मास्तरांच्या जिभेवर 'व्हय' आलं होतं. "न्हाई," ते म्हणाले. "मी तर थांबलास की बोंबलायचो त्याच्यावर."

"कुठल्याच प्रशिक्षकाच्या वेळापत्रकात हे थांबणं नाही. आणि प्रत्येक चकवा हे एक उत्तर असतं, मास्तर. कुणाच्या तरी टॅकलला दिलेलं. उत्तरावरून प्रश्न मांडता येतो." बाईंनी बोट फिरवलं. पडद्यावरचा रेहान पुसला गेला आणि त्याच्या जागी राखाडी रंगाची एक सावली उभी राहिली. तिला ना चेहरा होता, ना जर्सी. "वजन पंच्याऐंशी किलोच्या आसपास. प्रौढ माणूस. उजव्या पायाने टॅकल करणारा. आणि हे बघा."

सावली पुढे झेपावली. पाय उचलला, अर्धवट आला, अडखळला आणि मग सप्पकन आला.

"हा माणूस रेहानच्या पायात सात वर्षं साठत गेलाय," बाई म्हणाल्या. "तो कोण, ते मला जाणून घ्यायचंय."

मास्तरांनी ती सावली पाच-सहा वेळा बघितली. तालमीतला एकही स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, असा नव्हता. तरी ती चाल आपण कुठेतरी बघितलीय, या विचाराने त्यांना दिवसभर चैन पडलं नाही. जेवतानाही त्यांचा उजवा पाय टेबलाखाली अडखळत होता, तेव्हा बायकोने पायाला मुंग्या आल्यात का म्हणून विचारलं.

तालमीचे अध्यक्ष अण्णासाहेब ठोंबरे यांना मात्र त्या सावलीत काडीचा रस नव्हता. त्यांनी नियमाची पुस्तिका आणली होती आणि त्यातल्या एकाच ओळीखाली लाल रेघ मारली होती. अनोळखी उगम तीस दिवसांत सापडला नाही, तर त्याचा वाटा नोंदणीच्या क्लबला.

"नोंदणीचा क्लब कुठला?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"आपला."

"मग? चव्वेचाळीस आन् एकेचाळीस. तीन कोटींच्या वर जातंय मास्तर! नऊ वर्षांनी तिसरा विभाग जिंकलाय आपण. मैदान, गॅलरी, दिवे, ह्याची तीन कोटींची हमी दिली की दुसऱ्या विभागात. न्हाई दिली, तर आपली जागा खालच्याला. तुमाला फक्त तीस दिवस गप बसायचंय. गप बसायला काय ताकद लागत न्हाई."

मास्तरांना लागत होती. दुसरा विभाग हे त्यांचंही स्वप्न होतं. स्वतः खेळत होते तेव्हापासूनचं. पण गोष्टीत कुणीतरी दार वाजवावं आणि पुढचं पान फाटलेलं असावं, तसं त्यांना झालं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईला फोन लावला.

"कुणी शिकवलं न्हाई मास्तर," रेहान म्हणाला. "पाय आपोआप थांबतोय. असं वाटतंय, अजून कुणीतरी यायचं हाय. ते येऊन गेलं की मग मी जातो."

"कोण यायचं हाय?"

पलीकडे रेहान उगीच खोकला.

"रेहान."

"तुमी रागवशिला."

"रागावलोच हाय. बोल."

"मिसळीच्या मॅचला जायचो मी," रेहान म्हणाला. "दर रैवारी. तुमाला न सांगता."

मिसळीची मॅच म्हणजे हंगाम संपल्यावर दर रविवारी सकाळी पाणवठा तालमीच्या मैदानावर होणारा खेळ. त्याला ना पंच, ना नोंद. म्हातारे, पोरं, कुठल्याही पेठेचे, मिळेल त्या बाजूने खेळतात आणि हरलेली बाजू जिंकलेल्यांना मिसळ घालते. बुरूज तालमीच्या पोरांना तिथे जायची बंदी होती. बंदी मास्तरांनीच घातलेली. चोवीस वर्षं त्यांनी स्वतः त्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, कारण तिथे सत्यजित साळोखे खेळायचा.

सत्यजित हा पाणवठ्याचा स्टॉपर, आणि मास्तरांच्या धाकट्या बहिणीचा, पद्मजाचा, नवरा. चोवीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात मास्तरांची लाथ त्याच्या उजव्या घोट्यावर बसली. घोटा तुटला आणि बंगालच्या एका मोठ्या क्लबचं त्याला आलेलं बोलावणंही तिथेच संपलं. 'माझा पाय चेंडूवरच हुता,' असं मास्तर तेव्हा पंचांना म्हणाले, पेठेला म्हणाले, बहिणीलाही म्हणाले. त्यानंतर मेव्हण्या-दाजींनी एकमेकांशी शब्द काढला नाही. भाऊबिजेला पद्मजा एकटीच यायची, ओवाळायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची.

रविवारी मास्तर पाणवठ्याच्या मैदानाशी पोचले, तेव्हा खेळ रंगात आला होता. लाल मातीचा धुरळा उडत होता. कडेला मोठ्या पातेल्यात मिसळीचा कट उकळत होता आणि पळी घेऊन पद्मजा उभी होती. भावाला बघून तिची पळी हवेतच राहिली.

"दादा? वाट चुकलास व्हय?"

"जरा बघायला आलोय."

"बघ की. यंदा बघून घे. पुढच्या वर्षी हितं काय असंल कुणास ठाऊक."

"म्हंजे?"

"तालमीला नोटीस आल्या. लायसनचं साठ लाख न्हाईत भरलं तर जूनपास्नं तिसऱ्या विभागातनं नाव कट. वर्गणी काढली, सोनं मोडलं माणसांनी. निम्मंबी न्हाई झालं. नाव गेलं की पोरं जात्यात, पोरं गेली की तालीम गेली." तिने पळी पातेल्यात सोडली. "ह्यांनी तालमीला घालायला कुलूप आणून ठेवलंय. गिऱ्हाइकानं गाडी बघावी तसं रोज काढून बघत्यात."

तेवढ्यात मैदानात एक बारकं पोरगं चेंडू घेऊन सुसाट निघालं होतं आणि त्याच्या आडवा एक पोट सुटलेला, त्रेपन्न वर्षांचा गडी आला होता. गड्याने उजवा पाय टाकला. पाय अर्धा आला, अडखळला आणि मग सप्पकन आला.

राखाडी सावलीला चेहरा फुटला होता.

त्यांनी आणखी चार टॅकल बघितले. प्रत्येक वेळी तीच अडखळ, तेवढाच उशीर. ज्या पोरांना हे ठाऊक नव्हतं ती आधीच वळायची आणि चेंडू गमवायची. ज्यांना ठाऊक झालं होतं ती थांबायची. रेहान दहाव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत दर रविवारी इथे थांबायला शिकला होता, आणि त्याचे मास्तर त्या प्रत्येक रविवारी पाऊण मैलावर आपल्या घरात पेपर वाचत बसले होते. रुसव्यापायी आपण आपल्याच पोराचं निम्मं शिक्षण बघितलं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि फार वाईट वाटलं.

पद्मजाने मिसळ पुढे केली. त्यांनी ती उभ्याउभ्या खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने, असं ते म्हणाले.

मास्तर सरळमार्गी होते. पण संत नव्हते. पुढचे अकरा दिवस ते गप्प बसले. बाराव्या दिवशी सकाळी ते आपल्या मैदानावर गेले, तर अण्णासाहेब तिथे नव्या गॅलरीसाठी चुन्याच्या रेघा मारून घेत होते.

"अण्णासाहेब, माणूस सापडला," मास्तर म्हणाले.

अण्णासाहेबांनी नाव ऐकलं आणि चुन्याची बादली ठेवून दिली. "पाणवठ्याचा? दीड कोटी पाणवठ्याला? मास्तर, देवानं तोंड बंद ठेवायला दिलेलं असतंय कधीकधी!"

"मशीन खरं बोलालंय. आन् मला म्हाईत झाल्यावर मी खोटं कसं बोलू?"

"पेठेला काय सांगू? नऊ वर्षं घासली पोरांनी. दुसऱ्या विभागाच्या दारात उभं हाय आपण!"

"पाणवठा बंद पडल्यावर आपली पोरं कुणासंगं खेळून शिकणार?" मास्तरांचा आवाज चढला. "वरच्यांनी आमचं घेतलं आन् दिलं न्हाई म्हणून आपण दहा वर्षं बोंबललो. मग आपण दुसऱ्याचं घेतलं तर त्याला काय म्हणायचं?"

अण्णासाहेबांनी रागाने चुन्याची बादली लाथाडली. त्या संध्याकाळपर्यंत पेठेत मास्तरांच्या नमस्काराला नमस्कार मिळेनासा झाला. पानपट्टीवाल्याने त्यांचं पान लावलं, पण चुना जरा जास्तच लावला.

पडताळणीच्या दिवशी ओवीबाईंनी पाणवठ्याच्या मैदानाभोवती सोळा कॅमेरे उभे केले. सत्यजित साळोखेच्या घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर चमकत्या टिकल्या चिकटवल्या. त्याने बारा टॅकल करायचे होते. समोर चेंडू घेऊन कुणीतरी हवं होतं, आणि वेळापत्रक ओळखीचं असलेला एकच माणूस हजर होता.

"मी?" मास्तर म्हणाले. "बाई, मी पंचावन्न वर्षांचा हाय."

"तुमचं पाऊल रेहानच्या सगळ्यात जवळचं आहे. सावकाश या."

चोवीस वर्षांनी दोघे समोरासमोर उभे राहिले. सत्यजितने त्यांच्याकडे बघितलं नाही, चेंडूकडे बघितलं. पहिला टॅकल, दुसरा, तिसरा. मास्तर धापा टाकत येत, तो अडखळता पाय येई आणि चेंडू जाई. आठव्या टॅकलला बाईंनी हात वर केला.

"जुळलं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा शाळकरी मुलीसारखा खुलला होता. "नव्याण्णव टक्के जुळलं! उरलेले चार नोंदीपुरते. पण मास्तर, इथे एक मजेशीर गोष्ट दिसतेय. साळोखेंच्या पायातली ही अडखळसुद्धा जन्मजात नाही. ही कुठूनतरी आलीय. मोडलेल्या घोट्याला सांभाळायला मेंदूने नवं वेळापत्रक बसवलं असावं. नियमाने आपण आणखी एक पिढी मागे जाऊ शकतो. ही अडखळ ज्याच्यामुळे आली तो खेळाडू बुरूज तालमीचा असेल, तर या वाट्यातला अर्धा बुरूज तालमीला परत येतो. त्या सामन्याची चित्रफीत असली तर मशीन बाकीचं सांगेल. धक्का चुकून लागला की कसं, तेसुद्धा. मुद्दाम मारलेल्या लाथेत मांडीचा स्नायू आधी जागा होतो."

कडेला अण्णासाहेब उभे होते. ते दोन पावलं पुढे आले. "अर्धा म्हंजे पाऊण कोटी," ते हळूच म्हणाले. "उरलेलं पेठ उभं करंल. मास्तर, चित्रफीत हाय आपल्याकडं. चांगली हाय."

मास्तरांनी बहिणीकडे बघितलं. ती पदर घट्ट धरून उभी होती. मग त्यांनी सत्यजितकडे बघितलं. तो अजूनही चेंडूकडेच बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"चित्रफीत नको," मास्तर म्हणाले. "चित्रफीत नको, बाई. मी सांगतो की. चेंडू कवाच गेला हुता. बंगालचं बोलावणं त्याला आलं, मला आलं न्हाई, म्हणून मारली. मुद्दाम मारली. चोवीस वर्षं खोटं बोललो. बहिणीलाबी."

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं आणि बाजूच्या कुणीतरी त्यांचा हात धरला.

"मग तो वाटा?" ओवीबाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं. "नियमाने तो तुमचा होतो. कारण वाईट असलं तरी."

"माणसाचा घोटा मोडल्याचं पैसं घेऊ व्हय मी?" मास्तर म्हणाले. "रेहानला थांबायला साळोखेंनी शिकवलं. तेवढंच लिवा."

बाईंनी लिहिलं. बुरूज तालीम त्या ओळीबरोबर तिसऱ्या विभागात राहिली, आणि पाणवठाही.

सत्यजितने पहिल्यांदाच नजर वर केली. मग चेंडू पायाने त्यांच्याकडे ढकलून म्हणाला, "चार राहिल्यात. ये."

मास्तर निघाले. समोरून उजवा पाय उचलला गेला. त्यांनी रेहानसारखं थांबायचा प्रयत्न केला, ती अडखळ येऊन जाईल म्हणून वाट बघितली. अडखळ आलीच नाही. साळोखेने डावा पाय घातला होता, सरळ, वेळेवर, चेंडू सोडून थेट घोट्यावर. मास्तर हवेत उचलले गेले आणि लाल मातीत पाठीवर आदळले. पद्मजा किंचाळली. कॅमेऱ्यांनी ते सगळं सेकंदाला दोन हजार चित्रं या वेगाने टिपून घेतलं.

"ही मुद्दाम हुती," सत्यजित बाईंना म्हणाला. "लिवून घ्या."

ओवीबाई हातातल्या पडद्याकडे आणि जमिनीवरच्या माणसाकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "मास्तर, ही धरू का मोजणीत?"

मास्तरांच्या तोंडात माती गेली होती, घोटा ठणकत होता, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

"धरा," ते म्हणाले. "आन् दाजी, हात द्या जरा. अजून तीन राहिल्यात."